सरांच्या बोटाची चूक

"माझ्या फोनला दम लागतोय रे, वैजू," मोराळे सर म्हणाले आणि त्यांनी फोन माझ्या दिशेनं धरला. माझ्या दिशेनं म्हणजे माझा आवाज आला होता त्या दिशेनं. मी तोवर डावीकडे सरकलो होतो, त्यामुळे फोन कपाटासमोर धरला गेला. मी हात लांब करून घेतला.

शाळेची मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीत सातआठजण डबे उघडून बसले होते. गोष्ट दोन हजार पंधरा सालची, अंबाजोगाईतली. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, आमच्या शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. पण लोक मला ओळखायचे ते मोबाइलसाठी. कुणाचा फोन अडला, कुणाचे फोटो उडाले, की "वैजनाथला दाखवा".

दिगंबर मोराळे सर मराठी शिकवायचे. चाळिशीत त्यांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला आणि तीन वर्षांत दिसायचं पूर्ण थांबलं. नोकरी त्यांनी सोडली नाही. वर्गातलं कुणीतरी धडा मोठ्यानं वाचायचं आणि सर शिकवायचे. गेल्या दिवाळीत मुलीनं, शर्वरीनं, पुण्याहून हा फोन आणून दिला होता. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन बोलून दाखवायचा, आणि हवं ते सापडलं की दोनदा टकटक करायची. दोन महिन्यांत सर त्यात तरबेज झाले. अकरा वर्षं मोराळे काकू त्यांना पेपर वाचून दाखवत होत्या. आता सर सकाळी एकटे अंगणात बसून पेपर ऐकायचे. एकच तक्रार होती. फोनचा आवाज हिंदी होता आणि तो मराठी मजकूर हिंदी वळणानं वाचायचा. कमळाचं 'कमल' व्हायचं, बाळाचं 'बाल' आणि मोराळ्यांचं 'मोराले'.

"याला पुन्हा पहिलीत बसवायला पाहिजे," सर म्हणायचे.

त्या दिवशी मी फोन पाहिला. एक पान उघडायला चारपाच सेकंद लागत होते. आत कंपनीनंच भरलेली पंचवीसएक अ‍ॅप्स होती, काढता न येणारी.

"रूट करावा लागेल, सर."

"म्हणजे काय करायचं?"

"फोन आपला असला तरी आतल्या खोल्यांच्या किल्ल्या कंपनी स्वतःकडे ठेवते. त्या काढून घ्यायच्या. मग नको ते सामान बाहेर फेकता येतं. फोन पळायला लागेल बघा."

"त्यानं काही बिघडत तर नाही ना?"

डबे खाणारे सगळे माझ्याकडे बघत होते. खेळाचे हाके सर तर चमचा हातात धरून थांबले होते. मी ज्या पानावरून रूट करायला शिकलो होतो, त्या पानावर पहिल्याच ओळीत लाल अक्षरांत लिहिलं होतं, की यानंतर कंपनीचे अधिकृत अपडेट फोनवर चढणार नाहीत. ते मी वाचलं होतं. मला स्वतःला अपडेटांचं कधी काही वाटलं नव्हतं, आणि चारचौघांत 'पण' म्हणायचं म्हणजे आपलं ज्ञान जरा कमी दिसतं.

"काही नाही बिघडत," मी म्हणालो. "चाळीसेक फोन केलेत मी."

केले होते सहा.

दुपारी प्रयोगशाळेत बसून मी तासाभरात काम उरकलं. कंपनीची अ‍ॅप्स उडवली, फोन सुरू करणारी यंत्रणाही बदलून माझ्या आवडीची बसवली. फोन खरंच पळायला लागला. सरांनी बोट फिरवलं तसा तो भराभरा बोलू लागला, तेव्हा ते हसले आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोराच्या हातात कसब आहे." ते वाक्य मी पुढे कित्येक दिवस मनात घोळवत होतो.

ऑगस्ट लागता लागता सरांनी मला घरी बोलावलं. शर्वरीताईचा फोन चालू होता, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"वैजू, तूही ऐक," सर म्हणाले. "हं, लाव गं."

ताईकडे सरांच्यासारखाच फोन होता. पलीकडून एक बाईचा आवाज आला, स्वच्छ, सावकाश: "दिगंबर मोराळे."

काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

"पुन्हा," सर म्हणाले.

ताईनं चार वेळा लावलं. मग ती म्हणाली, "बाबा, कंपनीचा नवा अपडेट आलाय, त्यात हा मराठी आवाज आहे. तुमच्याही फोनवर एकदोन दिवसांत सूचना येईल. फक्त 'इन्स्टॉल'वर जायचं आणि टकटक करायची. बाकी तो आपोआप करतो."

माझ्या हातात चहाचा कप होता. काकूंनी विचारलं, "साखर कमी झाली का हो?" मी म्हणालो, "नाही नाही, छान आहे."

सरांचा आनंद नुसता त्या आवाजापुरता नव्हता. गावातल्या अंध मुलांच्या शाळेत ते दर शनिवारी शिकवायला जायचे. पुण्याची एक संस्था तिथल्या नववी-दहावीच्या अकरा मुलांना असे बोलणारे फोन देणार होती. पण देण्याआधी त्यांना खात्री करून घ्यायची होती, की लहान गावातल्या, मराठी माध्यमाच्या मुलांना ते स्वतःचे स्वतः वापरता येतील का. सर बावीस तारखेला, शनिवारी अकरा वाजता, संस्थेच्या लोकांसमोर फोन चालवून दाखवणार होते.

"इतके दिवस मला धाकधूक होती," ते म्हणाले. "मुलं म्हणतील, हा हिंदीत बोलतो. आता ती अडचणही गेली. आणि तू माझ्याबरोबर स्टेजवर बसायचंस. मी सांगून ठेवलंय, आमचा तज्ज्ञ येणार म्हणून."

तीन दिवसांनी सूचना आली. सरांनी 'इन्स्टॉल' केलं. फोन बंद झाला आणि बराच वेळ मुका राहिला. काकूंनी मागचं झाकण उघडून बॅटरी काढून घातली तेव्हा तो सुरू झाला आणि म्हणाला, अपडेट झालेला नाही. सरांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

बुधवारी शाळा सुटल्यावर ते मला म्हणाले, "वैजू, मी कुठंतरी चुकतोय. माझ्याकडे बघत राहा आणि काय चुकतं ते सांग."

आम्ही दोघंच होतो. त्यांनी बोट वरून खाली आणलं, 'इन्स्टॉल'वर नेमकं थांबवलं, दोनदा टकटक केली. काही म्हणजे काही चुकलं नव्हतं. फोन बंद होऊन पुन्हा उघडला आणि काळ्या पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरं उमटली. मी बदललेल्या फायली अपडेटला सापडल्या होत्या आणि त्यानं पुढं जायला नकार दिला होता. ती अक्षरं बोलून दाखवणारं त्या क्षणी फोनमध्ये काही नव्हतं. ती फक्त मला दिसत होती.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

त्यांचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता, जरासा वर.

"बोट घसरलं वाटतं, सर," मी म्हणालो. "दोन टकटकींच्या मध्ये थोडे थांबलात तुम्ही."

"असं होय," सर म्हणाले. "तरीच."

मला उपाय माहीत नव्हता असं नाही. कंपनीची मूळ यंत्रणा उतरवून घ्यायची आणि फोनवर नव्यानं चढवायची. पण त्यात आतलं सगळं पुसलं जाणार होतं, आणि सरांनी मुलांसाठी स्वतःच्या आवाजात भरलेले चाळीस धडे त्या फोनमध्ये होते. म्हणजे आधी विचारायला हवं होतं. विचारायचं तर कारण सांगायला हवं होतं. मी ठरवलं, कार्यक्रम होऊन जाऊ दे. जुन्या आवाजावर निभेल. मग बघू.

पुढच्या आठवड्यात काही कागद द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. सर जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर स्टीलच्या डब्याचं झाकण पालथं ठेवलं होतं आणि त्यावर ते बोटानं वाजवत होते. टक-टक. थांबायचे. पुन्हा टक-टक.

"रोज अंघोळ झाली की अर्धा तास हेच," काकू हळूच म्हणाल्या. "शर्वरी तिकडून ओरडते, नीट दाबा म्हणून. तुम्ही म्हणाला होतात ना, मध्ये थांबतात?"

"आता जमतंय का बघ रे," सर म्हणाले. "ऐक. आता सारखं येतंय ना?"

"येतंय, सर," मी म्हणालो, आणि कागद ठेवून निघालो.

बावीस तारखेला सकाळी नऊ वाजता काकूंचा फोन आला. सर सातला उठून पुन्हा अपडेट करायला बसले होते. कार्यक्रमाआधी मराठी आवाज यावा म्हणून. आणि या वेळी फोन परत आलाच नव्हता.

मी धावत गेलो. बॅटरी काढली, घातली. फोन दर वेळी त्याच काळ्या पडद्यावर येऊन थांबत होता. अपडेट अर्धवट अडकला होता. दुरुस्तीला लागणारी फाइल उतरवायलाच गावातल्या इंटरनेटवर चारपाच तास गेले असते.

सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस विंचरून बसले होते. "आज मी अगदी सावकाश केलं, वैजू. हिला विचार. हिनं पाहिलं."

"बरोबर जागेवरच होतं की बोट," काकू म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"एवढ्याशानं घसरतं, काकू," मी म्हणालो. "आपल्याला वरून कळत नाही."

मग सरांनी विचारलं, "माझ्यामुळेच ना रे?"

"होतं असं कधीकधी, सर."

अंध शाळेच्या सभागृहात सतरंजीवर अकरा मुलं ओळीत बसली होती. नवे कपडे, चापूनचोपून तेल लावलेले केस. संस्थेच्या आठल्ये मॅडम पुण्याहून पहाटे निघून आल्या होत्या. मला स्टेजवर खुर्ची दिली, हातात गुलाबाचं फूल दिलं, आणि सूत्रसंचालकानं माझं नाव घेताना 'तंत्रज्ञ' असा शब्द वापरला.

सर उभे राहिले. हातात तो मुका फोन होता.

"मला तुमची माफी मागायचीय," ते म्हणाले. "फोन आज सकाळी माझ्या हातून बिघडला."

आठल्ये मॅडम चटकन म्हणाल्या, "काही हरकत नाही, सर. माझ्या फोनमध्ये ती सोय चालू करून देते, त्यावर दाखवा."

सरांनी मान हलवली. "फोन बदलून उपयोग नाही, मॅडम. बोट माझंच राहणार. दोन आठवडे मी रोज सराव केला. कंपनी सांगते ते एक साधं काम मला एकदाही धड करता आलं नाही, आणि शेवटी होता तो फोनही घालवला. मी सत्तावीस वर्षं शिकवतोय. मला जे जमलं नाही ते या मुलांना जमेल असं तुम्हाला खोटं सांगणार नाही. याला शेजारी डोळस माणूस लागतोच."

सतरंजीवरून एक हात वर झाला. रुक्मिण होती ती, केजकडच्या एका खेड्यातली, दहावीतली. मुलांत सगळ्यांत हुशार.

"सर, तुमाला जमलं नाही तर आमाला कसं जमंल?"

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मी सरांपासून चार हातांवर बसलो होतो. तोंड उघडायला एवढा निवांत वेळ आयुष्यात कुणाला मिळत नसेल. मी गुलाबाच्या देठावरचा एक काटा नखानं काढत बसलो. तो निघाला तेव्हा आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

मुलांना त्या दिवशी पांढऱ्या काठ्या वाटल्या. फोन आले नाहीत.

दहा दिवस मी सरांना टाळलं. अकराव्या दिवशी त्यांचाच निरोप आला, की येताना एखादा साधा, बटणांचा फोन बघून ये. मी सकाळी त्यांच्या घरी गेलो. फाटक उघडं होतं. अंगणात सर खुर्चीवर बसले होते आणि समोर पाटावर बसून काकू पेपर वाचून दाखवत होत्या. चष्मा नाकावर घसरलेला, मध्येच एक ओळ हुकली ती पुन्हा मागं जाऊन वाचली. सर ऐकत होते. हातांची घडी घालून, कुणाच्या घरी पाहुणे गेल्यासारखे.

मी फाटकाशीच उभा राहून बोलायला लागलो. आत येऊन बसलो असतो तर बोलू शकलो नसतो.

"सर, तुमचं बोट चुकलं नव्हतं."

काकूंनी पेपर खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. फोन रूट केला की कंपनीचा अपडेट तो स्वीकारत नाही. अपडेट आत शिरण्याआधी जुनी प्रत्येक फाइल तपासतो, एक जरी बदललेली दिसली तरी परत फिरतो. मी तर अ‍ॅप्सही काढली होती आणि यंत्रणाही बदलली होती. तुम्ही हजार वेळा बरोबर दाबलं असतं तरी ते झालंच नसतं.

सरांनी पुरतं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"आधीपासून माहीत होतं."

"मी शाळेत विचारलं होतं, काही बिघडत तर नाही ना. तेव्हा?"

"हो, सर."

"त्या बुधवारी तुला पडद्यावर काय दिसलं?"

"फाइल बदललेली आहे, असं लिहून आलं होतं."

सरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. उजव्या हाताची तर्जनी थोडी वर उचलली, अंगठ्यानं तिचं टोक चाचपलं. "मला वाटलं, आता हातांतलंही जायला लागलं," ते म्हणाले. "डोळे गेले तेव्हा असंच झालं होतं. आधी थोडं थोडं चुकायला लागलं होतं."

काकू उठून आत गेल्या. त्यांनी मला आत बोलावलं नाही, जा असंही म्हणाल्या नाहीत.

"सर, मी फोन नीट करून देतो. धडे बहुतेक जातील, पण..."

"फोनचं तू कर काय करायचं ते," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, वर्गात असायचा तसाच होता. "पण त्या अकरा पोरांना मी खोटं सांगितलं. मला ठाऊक नव्हतं, तरी सांगितलं ते खोटंच. ते तू जाऊन दुरुस्त कर."

"तुम्ही चला ना बरोबर."

"नाही. तू एकटा जा."

मी लगेच गेलो नाही. रिकाम्या हातानं जायला नको म्हणून आधी फोन दुरुस्त केला. मूळ यंत्रणा चढवली, पाठोपाठ अपडेट आला आणि सहा मिनिटांत पूर्ण झाला. चाळीस धडे पुसले गेले. सरांनी फोन घेतला, वापरायलाही लागले, पण पुन्हा कधी मला त्याच्याबद्दल काही विचारलं नाही. मग मी आठल्ये मॅडमना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, ते अकरा फोन गेल्या सोमवारीच दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेला गेले. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी त्या योजनेतून काही आलं नाही.

तेव्हा शेवटी रिकाम्या हातानंच गेलो. रविवारी दुपारी मुलं वसतिगृहाच्या ओट्यावर बसली होती. अधीक्षकांनी सगळ्यांना गोळा केलं आणि ते आत निघून गेले. मी सरांना सांगितलं होतं तेच, सोप्या शब्दांत सांगितलं. मुलं मान खाली घालून ऐकत होती. एकानं काठीच्या टोकानं फरशीवर रेघ ओढली.

रुक्मिण म्हणाली, "म्हंजे सरांनी दाबलं ते बरोबर होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

तिनं जरा विचार केला. "मग आमाला बी जमलं असतं."

"हो," मी म्हणालो. "नक्की जमलं असतं."

"अन् तुमी तितंच बसलेले ना, दादा? मी इचारलं तवा?"

"हो. स्टेजवरच होतो."

याला आता दहा वर्षं झाली. तिनं मला काहीतरी बोलायला हवं होतं असं अजून वाटतं. पण ती उठली, भिंतीला हात लावला आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला." एकामागे एक, भिंतीला हात लावत, सगळी मुलं आत गेली. सर्वांत शेवटी एक लहान चणीचा मुलगा होता. तो उंबऱ्यात थांबला, मी होतो त्याच्या जरा बाजूला तोंड करून म्हणाला, "दादा, जाताना फाटक लावून घ्या. गुरं शिरतात."